ऑलिव्हच्या डोंगरात सहा दिवस: वाट पहिल्या नंबरात, सायकल काठावर पास

मेव्हण्याबरोबर स्पेनला सायकल सहल केली, तिला पैसे किती गेले हे सगळेच आधी विचारतात, म्हणून तेच आधी सांगतो. माणशी ७९० युरो. त्यात सात रात्री राहणं, सकाळचा नाश्ता, रोज बॅग पुढच्या गावी पोचवणं आणि जीपीएसवर टाकायला आखून दिलेल्या वाटा. रोड सायकलचं भाडं वेगळं, २१० युरो. विमान, व्हिसा, दोन वेळचं जेवण आपापलं. बरोबर गाइड नाही, मागं गाडी नाही. सहल आखून देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सायकलवरून झालेलं आमचं भांडण अर्धं मिटलंय आणि उरलेलं मला वाढवायचं नाही.

जागा म्हणजे दक्षिण स्पेनमधला हाएन जिल्हा. स्पेलिंग वाचून आम्ही दोन महिने 'जैन, जैन' म्हणत होतो. मेव्हणा खुशीत होता, "दाजी, मग जेवणाचा प्रश्नच मिटला की!" मिटला नाही. सॅलड म्हणून मागवलं तर वर ट्यूना, भाजी म्हणून मागवली तर आत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या माणसानं ते दोन दिवस ब्रेड, टोमॅटो आणि तेलावर काढले.

माझं बेळगावच्या उद्यमबागेत टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे, वय ५३. मेव्हणा खानापूरचा. रविवारी पहाटे पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबी गाठायची आणि ऊन तापायच्या आत घरी. वर्षातून दोन-तीनदा खाली गोव्यातल्या केरीपर्यंत उतरून चोर्ला घाट चढून यायचं. आमची तयारी एवढीच. ज्याला केरीहून चोर्ला सायकलवरून पाय खाली न टेकता चढता येतो, त्याला या वाटेवरचा कुठलाही चढ जड नाही. या वाटेवरचे घाट लांब आहेत, पण आपल्या तिलारीसारखी भिंत समोर उभी राहत नाही. अर्थात गिअर मिळायला हवेत तसे मिळाले तर.

तर गिअर. फॉर्म भरताना मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची, मोठी चकती ३४ दात्यांची हवी असं लिहिलं होतं, उत्तरात "होय" आलं होतं. उबेदा गावात सायकल हातात आली तेव्हा मला ती कॅसेट लहान वाटली. आमचा धंदाच दात्यांचा, डोळा बसलेला असतो. व्हॉल्व्हपासून सुरुवात करून अंगठ्याच्या नखानं एकेक दात मोजला. अठ्ठावीस. पुन्हा मोजला. अठ्ठावीसच. दुकानातला पोरगा म्हणाला, मोठ्या कॅसेटच्या सायकली दुसऱ्या ग्रुपबरोबर गेल्यात.

ज्याला फरक वाटत नाही त्याच्यासाठी हिशेब: पुढं पेडलजवळच्या चकतीला ३४ दाते, मागं ३४ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, म्हणजे साधारण २.१ मीटर. मागं २८ असेल तर १.२१ फेरे, अडीच मीटरच्या वर. चढावर दर फेऱ्याला एक हात जास्त ओढायचं, तेही तासन् तास. तिसऱ्या दिवशी माझा डावा गुडघा बोलायला लागला तो याच एका हातानं.

ब्रेकची गोष्ट मात्र माझ्या चुकीची. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढचा; स्पेनमध्ये डावा पुढचा, उजवा मागचा. फॉर्ममध्ये खाली बारीक अक्षरात विचारलं होतं, कुठला ब्रेक कुठं हवा. मी टिक न करताच फॉर्म पाठवला. उबेदा सोडल्यावर पहिल्याच उतारावर वळणात थोडी खडी दिसली. सवयीनं डावा दाबला, मागचा समजून. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि सीट माझ्यासकट वर आली. एक पाय क्लिपमधून सुटला म्हणून वाचलो. पुढं दोन दिवस डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी बांधून चालवली, लक्षात राहावं म्हणून. तुम्ही गेलात तर ती टिक विसरू नका. दुकानात तारा बदलून देतात.

एवढी तक्रार करूनही वाटेला मी पूर्ण मार्क देतो, आणि त्याचं कारण वाट आखणारा माणूस स्वतः सायकलवाला असणार. मोठा रस्ता जिथं टाळता येतो तिथं टाळलाय. उबेदा बेळगावएवढ्याच उंचीवर, साडेसातशे मीटरच्या आसपास. तिथून ग्वादलकिवीर नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि पलीकडं काथोर्ला गावापर्यंत चढायचं, पंचेचाळीसेक किलोमीटर. या पूर्ण अंतरात दोन्ही बाजूंना ऑलिव्हशिवाय दुसरं झाड नाही म्हटलं तरी चालेल. एका जिल्ह्यात सहा कोटींहून जास्त झाडं. जगात कुठल्याही दुसऱ्या जिल्ह्यात एवढं ऑलिव्ह तेल निघत नाही.

आपल्या खानापूर-चंदगडकडं काजू कसा असतो? बांधावर, उतारावर, करवंदीच्या जाळीत, जिथं जागा मिळेल तिथं वाकडातिकडा. इथं झाडं पंगतीला बसवल्यासारखी, दहा-बारा मीटरवर एक. प्रत्येक झाडाला एकाच जागेतून फुटलेले दोन-तीन बुंधे. खाली गवताची काडी नाही, अंगण झाडून ठेवल्यासारखी माती. डोंगर कितीही उभा असला तरी रांग मोडत नाही. पहिला तास मी तोंड उघडं टाकून बघत होतो. तिसऱ्या तासाला लक्षात आलं की यातलं एकही झाड रस्त्यावर सावली टाकत नाही. चोर्ल्याला आपण झाडीच्या बोगद्यातून जातो, त्याची किंमत मला तिथं कळली. मे महिना, दुपारचे दोन, आणि गावात दुकानाची फळी पाचपर्यंत बंद. पाणी मात्र मिळतं. बहुतेक गावांच्या चौकात दगडी नळ असतो. 'नो पोताब्ले' लिहिलेलं असेल तर पिऊ नका, डोक्यावर ओता.

मेमध्ये अजून एक भानगड. ऑलिव्हला तेव्हा फुलोरा येतो. फूल बारीक, पांढुरकं, दिसायला गरीब. पण पराग इतके की सकाळी सायकलच्या दांडीवर बोट फिरवलं तर पिवळी रेघ उठायची. आंब्याच्या मोहोरानं ज्याला शिंका येतात त्यानं ओळखून घ्यावं. मेव्हण्यानं दुसऱ्या दिवशी चढावर ओळीनं अकरा शिंका दिल्या, मी मोजल्या. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की औषधाचं दुकान. तिथं गोळी मिळाली, मग माणूस जरा माणसात आला. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जा, शिंका वाचतील.

काथोर्लाच्या पुढं सगळंच बदलतं. ऑलिव्ह खाली राहतं, पाइनचं जंगल सुरू होतं. काथोर्ला, सेगुरा आणि लास वियास मिळून स्पेनमधलं सर्वांत मोठं संरक्षित जंगल, १९८६ पासून नॅचरल पार्क. पुएर्तो दे लास पालोमास, म्हणजे कबुतरांची खिंड, इथपर्यंतचा चढ हा या सहा दिवसांतला सगळ्यात देखणा तास. वर थांबून मागं वळून बघितलं की खाली ऑलिव्हच्या रांगा, शाळेच्या चौकटीच्या वहीसारख्या. ग्वादलकिवीर याच डोंगरात उगम पावते आणि ६५० किलोमीटर जाऊन अटलांटिकला मिळते. आमच्या मलप्रभेचा उगम कणकुंबीत, तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती बया पाठ फिरवून पूर्वेला कृष्णेकडं जाते. मेव्हण्याला हे सांगत होतो, तो लाडू खाण्यात गुंग.

लाडू शेंगदाणा-गुळाचे. बायकोनं कुंदाही बांधून द्यायला काढला होता, तो घरीच ठेवला. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. विमानतळावर बेळगावचा कुंदा कचऱ्यात पडताना बघवला नसता. शेंगा-गूळ चालतो, आणि सायकलवर कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा बरा.

गाड्यांबद्दल लिहिलंच पाहिजे. तिथं सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणं कायद्यानं सक्तीचं. वळणावळणाच्या रस्त्यावर एक पांढरी व्हॅन आमच्या मागं बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येत राहिली. मेव्हणा घाबरला. "दाजी, मागनं गाडी येऊलालीय, हॉर्न का मारंना तो?" वळण संपलं, समोर मोकळा रस्ता दिसला, तेव्हा तो पूर्ण पलीकडच्या बाजूनं गेला, जाताना हात करून. आम्ही दोघं पुढचे पाच मिनिटं काही बोललो नाही. हो, गावाबाहेर हेल्मेट तुम्हालाही सक्तीचं आहे.

हॉटेलं साधी, स्वच्छ. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. बॅग सहाही दिवस आमच्या आधी खोलीत हजर. सिएरा माहिनाच्या बाजूला एका सहकारी घाण्याच्या दुकानातून पाच लिटरचं तेल घेतलं, पिकुआल जातीच्या ऑलिव्हचं. चमच्यानं चाखायला दिलं तर कडू, आणि घशात असा ठसका की मेव्हणा म्हणाला तेल खवट झालंय. बाई हसली. ताज्या, चांगल्या तेलाची तीच खूण. शेंगतेलावर वाढलेल्या आपल्या जिभेला पटायला आठवडा लागतो. आता घरी शेंगाचटणीवर तेच लागतं.

परत आल्यावर कंपनीला पत्र पाठवलं. सोबत कॅसेटचा फोटो, प्रत्येक दातावर मार्करनं टाकलेल्या आकड्यांसह, १ ते २८. सतरा दिवसांनी ६० युरो खात्यात आले, माफी दोन ओळींची. त्या पैशांत थोडी भर घालून ३४ ची कॅसेट घेतली. पुढच्या वेळी तीच बॅगेत टाकून नेणार होतो, पण भाड्याच्या सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आखूड असेल तर ती बसतच नाही, हे माझ्याच वर्कशॉपमधल्या पोरानं दाखवून दिलं. म्हणून आता डिरेलरचा फोटो आधी मागवा, मगच पैसे भरा. कॅसेट माझ्याच सायकलला लावली. गेल्या रविवारी केरीहून वर आलो, गुडघा काही बोलला नाही.