ऊसतोडीच्या फडात सीड ग्रँट: वापरून पाहिलेल्या बाईचा अभिप्राय

मिक्सरपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळ्याचे रिव्ह्यू लोक लिहितात. संशोधनाच्या सीड ग्रँटचा, म्हणजे सुरुवात करायला मिळणाऱ्या छोट्या निधीचा, कुणी लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी अर्ज घेऊन पुन्हा त्याच दारात उभं राहायचं असतं. मी लिहिते. देणाऱ्या संस्थेचं नाव तेवढं गाळते.

मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. ग्रँट छोटी, दोन लाखांच्या आतली, मुदत वर्षाची. विषय बीडकडच्या ऊसतोड कामगारांमधला मधुमेह, आणि तो हुडकायला आपण वापरतो तो स्कोअर या माणसांना लागू पडतो का, हा.

आधी चांगलं. मोठी ग्रँट मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, प्राथमिक डेटा कुठंय? आणि तो गोळा करायला पैसे कुणी देत नाही. इथे अर्ज चार पानांचा, डेटाची अट नाही, प्रश्न पटला पाहिजे एवढंच. माझा प्रश्न साधा होता. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या चमूनं केलेला इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर चार गोष्टी बघतो: वय, कंबरेचा घेर, अंगमेहनत आणि आईवडिलांचा मधुमेह. शंभरपैकी ६० किंवा जास्त आले तर धोका मोठा. आता चाळिशीतली, ऊस तोडणारी बाई घ्या. वयाचे २०. कंबर ८० सेंटीमीटरच्या आत, म्हणजे शून्य. अंगमेहनत रोजची, पण 'व्यायाम' नाही म्हणून फार तर २०. आईवडिलांना साखर होती का, असं एका मावशींना विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, "त्यांची कुणी तपासली व्हती का?" तिथेही शून्य. बेरीज ४०. कागदावर बाई मोठ्या धोक्याच्या यादीबाहेर.

कंबर बारीक म्हणजे धोका कमी, हे आपल्याकडे तरी खरं नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांवर काम करतायत. आपलं बाळ वजनाला कमी भरतं, तरी त्याच्या अंगावर चरबी टिकून असते, हे त्यातूनच पुढे आलं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आणि आता २०२५ मध्ये इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशननं कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 'टाइप ५' म्हणून मान्यताही दिली. मग जन्मभर अर्धपोटी राबलेल्या माणसांना शहरी फूटपट्टी कितपत लागू पडते, हे कुणीतरी बघायला नको?

परीक्षकांनाही पैकीच्या पैकी. एकानं शेरा मारला की या बायकांत रक्तक्षय फार, आणि लोह कमी असलं की एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) खोटंच वर सरकतं, तेव्हा सोबत हिमोग्लोबिन कराच. फुकटात इतका चांगला सल्ला मिळत नाही.

आता रडगाणं.

पैसे आले जानेवारीत. खर्च ३१ मार्चच्या आत, नाहीतर यूसी, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, अडकणार. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे माझ्या यादीतली गावं रिकामी आणि माझी माणसं कोल्हापूर-सांगलीकडे कारखान्यांच्या तळावर, कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत. प्रवासाच्या हेडमध्ये, म्हणजे बजेटातल्या खर्चाच्या खात्यात, तालुक्यापुरतंच भाडं. 'मुख्यालय सोडण्याचे कारण' या रकान्यात मी 'लोक तिकडे आहेत' असं लिहिलं, तर कागद परत आला.

खरेदीचं तर विचारूच नका. सगळ्यात कमी दराच्या निविदेत स्ट्रिप्स एका कंपनीच्या आल्या आणि ग्लुकोमीटर दुसऱ्या. बसतच नाहीत. शेवटी मीटर आमच्याच विभागातले काढले.

पण सगळ्यात मोठं भोक बजेटमध्ये होतं. उपाशीपोटी रक्त घ्यायचं तर पहाटे गाठावं लागतं, आणि पहाटेच फड गाठायची त्यांचीही घाई. उशीर झाला की खाडा पडतो, मुकादम उचलीतून कापतो. त्यांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायला हेडच नाही. 'स्टेशनरी' मात्र भरपूर. फायली ठेवायला आता कपाट पुरत नाही.

फडातलं एक दृश्य मुद्दाम सांगते, कारण असल्या गोष्टी कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये सापडत नाहीत. बांधावर एका बाईंची रँडम (उपाशीपोटी नसलेली) साखर तीनशेच्या वर. बरोबरचा इंटर्न घाबरला, रेफरल चिठ्ठी काढायला लागला. मी त्यांचा हात हातात घेतला तर बोटं चिकट, रसानं चिकचिकीत. स्पिरिटचा बोळा फिरवला होता, पण साखर त्यानं जात नाही. कळशीतलं पाणी, साबण, हात कोरडे, पुन्हा टोचलं. एकशे चार. तेव्हापासून साबण आणि पाच लिटरचा कॅन किटमध्ये. त्याचं बिल लागत नाही, खिशातून.

ज्यांची साखर खरोखर जास्त निघाली त्यांचं पुढे काय, हे अर्जात कुठेच विचारलेलं नाही. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण कार्ड बीडचं आणि माणूस कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यात. आम्ही दोन्हीकडच्या आरोग्य केंद्रांना फोन करकरून जमवलं. तपासायला पैसे द्यायचे आणि सापडलेल्याला वाऱ्यावर सोडायचं, हे मला पटत नाही.

रेटिंग? कल्पनेला पाच, हिशेबखात्याला दीड. नव्या मुलांनी घ्यावी का? जरूर घ्या, असल्या प्रश्नाला पहिले पैसे दुसरं कुणी देत नाही. पण मंजुरीपत्रात हप्ता कुठल्या महिन्यात येणार ते आधी बघा, आणि तुमची माणसं तेव्हा कुठे असतील ते त्याच्याही आधी.

पुढच्या टप्प्याचा अर्ज मी भरलाय. त्यात 'खाडा भरपाई' असं हेड टाकलंय. काल हिशेबखात्यातून फोन आला, "मॅडम, हे नक्की कुठल्या कोडमध्ये बसवायचं?"