नागपूरच्या वास्तुरचनाकारांनी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बांधलेला बंगला: सेवेविषयी अभिप्राय

पत्नीच्या माहेरची वेंगुर्ल्याजवळ समुद्रकाठी जमीन आहे. तेथे बंगला बांधण्याचे काम आम्ही नागपुरात धरमपेठेतील एका वास्तुरचना कार्यालयाकडे सोपवले, तेव्हा विदर्भाच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांना कोकणची दमट हवा कितपत उमगेल, अशी शंका नातेवाइकांनी बोलून दाखवली होती. बंगल्याने पावसाळा पाहिला असल्यामुळे आता त्या कामाविषयी विश्वासाने लिहिता येते.

घराचे एकही चित्र काढण्यापूर्वी त्यांनी जागेची मोजणी केली आणि भरतीरेषा, वाळूचा उंचवटा, नैऋत्येच्या वाऱ्याची वाट व प्रत्येक मोठे झाड नकाशावर नोंदवले. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो, त्यामुळे घर मागे घ्यावेच लागले. मात्र समुद्र दिसावा म्हणून वाळूचा उंचवटा सपाट करण्याचा एका कंत्राटदाराचा सल्ला त्यांनी ठामपणे नाकारला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. मर्यादवेल आणि केवडा यांनी धरून ठेवलेली ती वाळूच उधाणाच्या लाटांना अडवते. जुनी उंडीची झाडे वाचवण्यासाठी घराचे दोन भाग करून ते लांब पडवीने जोडले आहेत.

खरे कौशल्य दिसते ते हवेच्या विचारात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा आपण दुपारभर दारे-खिडक्या लावून कूलर सुरू करतो. किनाऱ्यावरची हवा बाष्पाने आधीच भरलेली असल्याने तेथे कूलरचा उपयोग होत नाही आणि घाम वाळण्यासाठी वारा अंगावरून वाहत राहावा लागतो. म्हणून खोल्या एकामागे एक न ठेवता शेजारी-शेजारी एका ओळीत मांडल्या आहेत, समोरासमोर खिडक्या आहेत आणि छपराखाली गरम हवा बाहेर पडण्यासाठी झरोके ठेवले आहेत. श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांच्या कामाचा अभ्यास त्यांनी केला होता, आणि तो पडवी व अंगण यांच्या मांडणीत जाणवतो.

भिंती स्थानिक चिऱ्याच्या, छप्पर उतरते मंगलोरी कौलांचे. खाऱ्या हवेत सळ्या गंजून काँक्रीट फुटते, हे ओळखून त्यांनी आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळ्यांवर काँक्रीटचेच ४५ मिलिमीटरचे आवरण ठरवले, तर बिजागऱ्या व स्क्रूंसाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील आग्रहाने वापरायला लावले. दारांसाठी आलापल्लीचे सागवान निवडले, ही विदर्भाची भेट आम्हा सर्वांनाच सुखावून गेली. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले उजेडाकडे वळून समुद्राची वाट चुकतात. म्हणून बाहेरचे दिवे कमी उंचीवर, मंद पिवळ्या प्रकाशाचे आणि जमिनीकडे झुकलेले आहेत.

उणिवाही आहेत. नैऋत्येकडील पडवीचे छप्पर पुरेसे पुढे आलेले नाही, त्यामुळे जुलैच्या झडीत पाणी थेट बैठकीपर्यंत येते. नंतर लावलेल्या बांबूच्या पडद्यांनी त्रास कमी झाला, तरी एवढी गोष्ट मूळ आराखड्यातच सांभाळली जायला हवी होती. शिवाय वेंगुर्ले नागपूरपासून फार दूर असल्याने कामाच्या ऐन टप्प्यावर देखरेख अपुरी पडली, आणि प्रवासखर्च शुल्काव्यतिरिक्त द्यावा लागेल, हे सुरुवातीला स्पष्ट सांगितले गेले नव्हते.

तरीही पुन्हा घर बांधायचे झाल्यास मी याच कार्यालयाकडे जाईन. विदर्भातून कोकणात घर बांधू इच्छिणाऱ्यांनी त्यांच्याशी करार करताना पाया, स्लॅब आणि छप्पर या तिन्ही टप्प्यांवरील प्रत्यक्ष भेटी व त्यांचा खर्च लेखी ठरवून घ्यावा, तसेच पावसाच्या दिशेची पडवी किती रुंद असेल, हे आराखडा मंजूर करण्यापूर्वी विचारावे.