जुनं घर की फार्महाऊस? पुन्हा साथ आली तर नागपूरकराने कुठे जावं

नागपूरच्या माणसाला गाव असतंच, स्वतःचं नसलं तर सासरचं. त्यामुळे कोरोनानंतर हा प्रश्न आमच्या ओळखीत घरोघरी निघतो: पुन्हा तशी वेळ आली तर डोकं टेकायला एक जागा हवी, मग गावचं पडकं घर नीट करावं की काटोल रोडवर, उमरेड रोडवर कुठेतरी प्लॉट घेऊन दोन खोल्या टाकाव्यात? दोन्हीकडे राहून झालं आहे, म्हणून लिहितो. २०२० च्या पहिल्या टाळेबंदीत आम्ही नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी होतो, वडिलोपार्जित घरात. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, कळमेश्वरच्या पुढे मेहुण्याच्या फार्महाऊसवर. पुढे थोडे पैसे हाती आले तेव्हा ते दोनपैकी एकाच जागी घालता येणार होते आणि मला ठरवावं लागलं.

जमिनीचा भाव, एनए, रजिस्ट्री, रिंगरोडपासूनचं अंतर हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ते सोडून देतो. उन्हाचंही सोडतो. मे महिन्यात कवेलूखाली (म्हणजे कौलांखाली) आणि टिनाखाली फरक आहे हे कुणाला सांगायची गरज नाही, आणि टिनावर कितीही गवत अंथरलं तरी तो राहतोच. विजेचं मात्र विचारून घ्या. फार्महाऊसचं कनेक्शन शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री फेज ठरावीक तासच, कधी दिवसा तर कधी रात्री. मोटर रात्री दोनला उठून चालवायची हौस पहिल्या आठवड्यात फिटते. नेटवर्क दोन्हीकडे सारखंच रडकं. गावी मला गच्चीच्या एका कोपऱ्यात मिळायचं, फार्महाऊसवर फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली.

खरा फरक माणसांचा आहे.

गावाने आमचं स्वागत केलं असं म्हणणं धाडसाचं होईल. नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्चला सापडला, २२ ला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देश बंद. त्या मधल्या घाईत आम्ही पोचलो तर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या, त्यामागे एक बंडी आडवी लावलेली आणि खडूने लिहिलेला फळा: बाहेरच्यांना प्रवेश बंद. ज्यांनी बंडी लावली त्यातला एक माझा चुलतभाऊ. पोलीस पाटील नात्याने काका लागतात. ते तोंडाला दुपट्टा बांधून लांबूनच म्हणाले, "आले तं आले, आता चौदा दिवस आंगनाच्या बाहेर निघू नका. नाही तं मले तहसीलले कळवा लागते." बायकोला राग आला. आपल्याच घरात जायला परवानगी? मलाही आला, खोटं कशाला बोलू.

पुढचे दिवस गावाने आमच्यावर जी नजर ठेवली तशी सासू नव्या सुनेवर ठेवत नाही. भिवापुरी मिरचीची फोडणी दिली, मला ठसका लागला, आणि संध्याकाळी गावची आशा सेविका दारात: "भाऊ, खोकला केव्हापासून हाये?" दूध ओट्यावर ठेवून चुलतभाऊ मागे सरकायचा. मुलाने शेजारच्या पोराबरोबर कंपाउंडवरून चेंडू फेकला तर पोराला घरात ओढून नेऊन साबणाने हात धुतले, आमच्यासमोर. आम्ही राहतो मनीषनगरला, पण एप्रिलमध्ये टीव्हीवर सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या रुग्ण वाढलेल्या वस्त्या दिसायला लागल्या, तेव्हापासून गावाच्या हिशोबी सगळं नागपूर तेच. गंमत एवढीच की नागपूरचा माणूस नको होता, त्याच्या डिक्कीतला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी, चालत होता. पानठेले बंद होते ना. सतत शंका घेणारा एक गृहस्थ अंधार पडल्यावर मागच्या दाराशी येऊन "दोन पुड्या असतीन तं" विचारून गेला.

तरी गावाची बाजू सांगायला हवी. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स अशी मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. आमच्या गावासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे एक डॉक्टर, आणि पुढे तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. व्हेंटिलेटर हा शब्द तिथे फक्त बातम्यांत ऐकायचा. कापूस घराघरांत पडून, मृग बहराची संत्री झाडावर आणि व्यापारी फिरकत नाही, आठवडी बाजार बंद. कमाई थांबलेली आणि आजार मात्र शहरातून गाडीत बसून येणार, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. रस्ता अडवायचा अधिकार कुणाला नव्हता हे खरं आहे, प्रशासनानेही तसं वेळोवेळी बजावलं. पण काट्या टाकल्या त्या भीतीने, आणि घरोघरी म्हातारी माणसं पाहिल्यावर ती भीती मला खोटी वाटेना.

पंधराव्या दिवशी काका दुपट्टा काढून ओसरीवर येऊन बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "आता सांग, नागपुरात काय चालू हाये." तिथून पुढे आम्ही गावचे. नंतर पुण्याहून परतलेल्या एका पोराला शाळेतल्या विलगीकरणात ठेवायचं ठरलं तेव्हा डबा कुणी द्यायचा याच्या पाळ्या लागल्या. एक पाळी आमच्याकडे आली. कुणी विचारलं नाही, नाव परस्पर लिहिलं गेलं.

आता फार्महाऊस. सुखसोयीच्या बाबतीत तुलनाच नको. स्वतंत्र बोअर, इंग्रजी संडास, चारी बाजूंनी तार, रात्री चांदणं. कुणी विचारत नाही कुठून आलात, किती दिवस राहणार. मार्च २०२१ मध्ये नागपुरात १५ ते २१ पुन्हा कडक टाळेबंदी लागली, एप्रिलमध्ये बेड आणि ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते, तेव्हा आम्ही तिकडे गेलो. पहिले काही दिवस वाटलं, हेच बरोबर. गावच्या ठसक्याच्या चौकशीपेक्षा ही शांतता लाख पटीने बरी.

मेहुण्याने तिथे एक चौकीदार ठेवला आहे. नवरा, बायको, दोन मुलं. जवळच्याच वस्तीतले, फाटकाजवळच्या खोलीत राहतात. माणूस अबोल, कामाला चोख. त्या वस्तीशी आमचा संबंध म्हणजे येता-जाता गाडीच्या काचेतून दिसणारी घरं. भाजी आणि सिलिंडर आम्ही नागपूरहून आणलं होतं, पिठाच्या थैल्याही. कुणाला आपला त्रास नाही, असा आमचा समज.

एक दिवस चौकीदाराची बायको माझ्या बायकोला चाचरत म्हणाली, "बाई, थोडं पीठ असन तं द्या." रेशनचे गहू संपले का? नव्हते संपले. डब्यात होते. चक्कीवाला दळून देत नव्हता. "साहेब गेले का मंग आणजा दळण," असं त्याने सांगितलेलं. नागपूरचे लोक ज्या घरी आले त्या घरचं दळण आपल्या चक्कीत नको. किराणावालाही तिला दुकानाबाहेर उभं करून सगळ्यांत शेवटी सामान द्यायचा. हे आम्ही आलो त्या दिवसापासून चाललं होतं. चौकीदार एका अक्षराने बोलला नव्हता. बोलणार कसा, पगार आमच्याकडून.

मी चक्कीवर गेलो. मास्क लावून, लांब उभा राहून, हात जोडून. चक्कीवाला फार अदबीने बोलला: "नाही साहेब, तुमचं काई नाही. तुमी कितीबी दिवस राहा." मशीन बिघडलं आहे म्हणाला. त्याच्यामागे पट्टा फिरत होता, पिठाचा भुगा उडत होता, आणि तो मला सांगत होता मशीन बिघडलं आहे. त्याच्याशी भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण साहेबाशी कोण भांडतं? त्यांना जे म्हणायचं होतं ते चौकीदाराच्या बायकोला म्हणून झालं होतं.

माझं इथेच ठरलं. मोजमाप करून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, एका चक्कीवरून सगळ्या फार्महाऊसांचा निकाल लावणं अन्यायाचं होईल हेही मान्य. माझ्या एका मित्राचं हिंगण्याकडे आहे, त्याला असा अनुभव आला नाही म्हणतो. असेल. पण मी त्याला विचारलं, तुझ्या चौकीदाराला आला का, तर तो म्हणाला, तसं काही तो बोलला नाही.

गावी काकांनी माझ्याच तोंडावर सांगितलं, मी माझ्याच तोंडाने उलट बोललो, चुलतभावाशी आठवडाभर अबोला धरला आणि मग सोडला. फार्महाऊसवर माझ्या येण्याची किंमत दुसराच कुणी भरत होता, आणि मला पत्ता नव्हता. मला पहिली कटकट परवडते.

त्याच वर्षी मे महिन्यात लसीचंही तसंच झालं. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी कोविन पोर्टलवर, ऑनलाइन. नागपूरच्या पोरांनी स्लॉट उघडल्या क्षणी मोबाइलवर बोटं मारून ग्रामीण केंद्रं पकडली आणि गाड्या काढून तिकडे गेले. जवळच्या आरोग्य केंद्रासमोर मी पाहिलं: एका बाजूला नागपूर पासिंगच्या, एमएच ३१ आणि एमएच ४९ च्या गाड्यांची रांग, दुसऱ्या बाजूला झाडाखाली गावचे लोक, पाहत बसलेले. त्यातल्या कित्येकांना लसीची भीती होती, म्हणजे सुई असती तरी त्यांनी टोचून घेतली असती असं नाही. पण आपल्या दवाखान्यात आपल्याआधी शहरवाले, ही गोष्ट डोक्यात बसते. मेच्या मध्याला साठा अपुरा पडला म्हणून राज्याने त्या वयोगटाचं लसीकरणच थांबवलं. गाड्या यायच्या थांबल्या, राग तिथेच राहिला. आणि आमच्या गाडीची पाटीही एमएच ३१ चीच.

कुणी म्हणेल, वावरात जाऊन राहणं ही तर जुनीच रीत. बरोबर आहे. प्लेगच्या काळी लोक गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहत, आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून त्या गोष्टी आहेत. कोरोनात वापरला तो १८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगमधून आलेला. पण ते आपल्याच वावरात जात होते आणि शेजारच्या झोपडीत त्यांचाच शेजारी असे.

फ्लॅटमध्येच राहावं का, हा तिसरा पर्याय. घरात डायलिसिसवाला, हृदयरोगी किंवा अवघडलेली सून असेल तर दुसरा विचारच करू नका, दवाखान्याजवळ राहा. २०२१ च्या एप्रिलमध्ये जवळ असूनही बेड मिळाला नाही हे खरं, तरी लांब असणं त्याहून वाईट.

ज्यांचं गाव सुटून दोन पिढ्या झाल्या, घराच्या जागी फक्त उकिरडा उरला आणि तिथे ओळखणारं कुणी नाही, त्यांनी प्लॉट घ्यावा, माझी हरकत नाही. फक्त साथ येण्याआधी वस्तीत दिसत जा. ग्रामपंचायतीचा कर स्वतः जाऊन भरा, पोळ्याला बैल दारात आले तर बोजारा (बैलाच्या मानाचे पैसे) द्या, दळण तिथल्याच चक्कीवर टाका. आणि जाऊन राहायची वेळ आलीच तर आल्याची नोंद तुम्ही करा, चौकीदाराला पाठवू नका. त्याचं किराणा-दळण त्या काळापुरतं तुमच्या जबाबदारीवर घ्या.

बाकीच्यांना मी तरी जुनं घर सुचवेन. मी पैसे तिथेच घातले. अडचणी आहेत. भावाभावांचे हिस्से हा मोठा घोळ. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर कुणाकुणाची नावं लागली आहेत ते आधी बघा. ही योजना २४ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीतच जाहीर झाली, आणि मोजणीत गावाबाहेर राहणाऱ्यांची नावं राहून गेल्याची उदाहरणं आमच्याच गल्लीत आहेत. संमती तोंडी नको, कागदावर घ्या, सख्खा भाऊ असला तरी.

आणि बांधकामात एकच गोष्ट माझ्या आग्रहाने करा: रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र दार असलेली एक खोली, तिला लागून संडास-न्हाणी. काकांनी चौदा दिवस सांगितले तेव्हा आमच्याकडे ती नव्हती, आणि एकाच संडासावरून घरातल्या घरात जे झालं ते गावाने केलेल्या चौकशीपेक्षा जड गेलं. कवेलू फेरणारा माणूस आता शोधूनही सापडत नाही, सापडला तर होळीनंतर बोलवा. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी आणि आंबिया बहराच्या संत्र्याची तोडणी एकदम येते, तेव्हा दुप्पट मजुरी देऊनही आमच्या भागात कुणी येत नाही.