शेपूट कापू नका

मेच्या सुट्टीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीच्या सहा पोरांसाठी मी आयनॅचरलिस्ट हे ॲप फोनवर घेतलं. फुकट आहे. गच्चीवर वानरांची टोळी उतरली की काठी घेऊन धावणाऱ्यांना दुसरा उद्योग मिळावा, एवढाच माझा हेतू. (भूगोलाची निवृत्त शिक्षिका, खोड जात नाही.)

दिसलेल्या प्राण्याचा नाहीतर झाडाचा फोटो काढायचा, तारीख-ठिकाणासह चढवायचा. ओळख बरोबर की चूक ते इतर लोक तपासतात. दोनतृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधकांच्या कामाची.

पहिल्या दिवशी पोरांनी एकवीस फोटो आणले, सगळे तोंडाचे. काळी तोंडं, सगळी सारखी! मग मी शेपटीचं सांगितलं. तापी-गोदावरीच्या उत्तरेकडचे वानर चालताना शेपटीचा बाक पाठीवरून डोक्याकडे नेतात. दक्षिणेकडच्यांचा शेंडा मागे झुकतो. दुसऱ्या दिवशी चौथीतला एक पाण्याच्या टाकीआड पाऊण तास गप्प बसला. टोळी कठड्यावरून चालत गेली आणि फोटोत शेपूट अख्खं आलं, पार टोकापर्यंत. काठी तेव्हापासून मोरीत पडून आहे.

कमाटीबागेतल्या पिंजऱ्यातली माकडं मात्र पोरांनी रानातली म्हणून चढवली. तिथे 'कॅप्टिव्ह'ची खूण करायची असते, ते सांगायला मीच विसरले. घरच्या गच्चीचे फोटो असतील तर ठिकाण 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा, म्हणजे पत्ता जगजाहीर होत नाही. आमच्याकडे खातं माझंच आहे. लहानांच्या हाती फोन द्यायचाच असेल तर आयनॅचरलिस्टवाल्यांचंच सीक हे ॲप बिनखात्याचं चालतं. पण त्यातली ओळख नोंद म्हणून आपोआप पुढे जात नाही. मला ते खेळण्यासारखं वाटलं.

शेजारची गुजराती मुलं सगळ्यांनाच 'वांदरो' म्हणतात, आमची वानर-माकड वेगळं करतात. त्यावरून रोज भांडण. शास्त्रीय नाव समोर आलं की ते मिटतं, पाच मिनिटं तरी.

पाचापैकी साडेचार देते. अर्धा माझ्या फोनच्या झूमने घालवला.

परवा भाचीने राधानगरीहून वानराचा फोटो पाठवला. शेंडा मागे! चौथीतला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, मग सुरतेला तापीच्या पुलावर त्यांची शेपटी कुठे असते?"

सुरतेला माझी जाऊ राहते. तिला ॲप घ्यायला लावलंय.