फोटोंची नावे घाऊक बदलायची आहेत: शेल स्क्रिप्ट, रिनेम की फाइल मॅनेजर?

ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरले की ऐरोलीच्या आमच्या पक्षीनिरीक्षक मंडळींच्या एका डिस्कवर चार-पाच कॅमेऱ्यांतले फोटो जमा होतात. कॅमेरा चार अंकी क्रमांक देतो आणि 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो, त्यामुळे दोन थव्यांच्या फोटोंची नावे सारखीच निघतात. तारीख आणि वेळ घालून नाव दिले, तरी थवा उडतानाच्या एकाच सेकंदातल्या सहा फोटोंना एकच नाव मिळते. म्हणून साधन निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की एका फाइलवर दुसरी फाइल बसण्यापासून ते वाचवते का.

फॉर लूपमध्ये, म्हणजे एकेका फाइलसाठी, एमव्ही ही नाव बदलणारी आज्ञा चालवणारी साधी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलवरच्या आज्ञांची फाइल) या बाबतीत मुळात निष्काळजी आहे, कारण त्या नावाची फाइल आधीच असली तर एमव्ही सहसा काही न विचारता तिच्यावर लिहितो. हायफन एन हा पर्याय दिल्यास तो अशी फाइल सोडून पुढे जातो. तो पर्याय लिहिल्याशिवाय स्क्रिप्ट चालवू नये, असे माझे ठाम मत आहे. शिवाय फाइलचे नाव धरणारे व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे लागते, नाहीतर ‘ऐरोली जेट्टी’ या नावाचे मधल्या रिकाम्या जागेवर दोन तुकडे होतात. एमव्हीच्या आधी एको (मजकूर फक्त पडद्यावर दाखवणारी आज्ञा) लिहून एकदा नुसती यादी पाहिली, की बहुतेक चुका तिथेच सापडतात. इतकी शिस्त पाळली, तर क्रमांकाआधी शून्ये लावणे किंवा फोल्डरचे नाव पुढे जोडणे या कामांत स्क्रिप्टसारखी मोकळीक दुसरीकडे नाही. फोटो टिपल्याची तारीख मात्र शेलला कळत नाही आणि फाइलची तारीख कॉपी करताना बदलू शकते. त्यासाठी फोटोच्या आतली माहिती वाचणारे एक्झिफटूलसारखे साधन हवे.

रिनेम ही आज्ञा एका ओळीत काम करते, पण या एकाच नावाने दोन वेगळे प्रोग्राम वावरतात, हे अनेकांना ठाऊक नसते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवरचा, पर्ल भाषेतला रिनेम रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगणारे सूत्र) घेतो, हायफन एन दिल्यास फक्त काय होईल ते दाखवतो आणि सक्ती केल्याशिवाय असलेल्या फाइलवर लिहीत नाही. फेडोरावरचा रिनेम नुसता मजकूर बदलतो आणि हायफन ओ न दिल्यास जुन्या फाइलवर खुशाल लिहितो. त्यामुळे एका लॅपटॉपवरची ओळ दुसऱ्यावर उतरवण्याआधी तिथले मॅन पान (आज्ञेची माहिती देणारे पान) वाचावेच.

वर्षातून एकदाच पन्नास फाइली बदलायच्या असतील, तर लिनक्सवरचा थुनार हा फाइल मॅनेजर, मॅकचा फाइंडर किंवा विंडोजवरचे पॉवररिनेम पुरेसे आहे, कारण नवे नाव कसे दिसेल ते आधीच समोर दिसते. दर महिन्याला तेच काम असेल, तर तेच पर्याय पुन्हा निवडताना हमखास चूक होते, आणि तिथे स्क्रिप्टच घ्यावी.

नावे मराठीत ठेवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा: लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टिममध्ये नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत 3 बाइट घेते, म्हणजे जेमतेम 85 चिन्हे बसतात. आमच्या स्क्रिप्टमध्ये एमव्हीच्या आधीची ओळ जुने आणि नवे नाव एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवते, आणि त्या यादीवरून नावे उलट फिरवणारी दुसरी छोटी स्क्रिप्ट आम्ही शेजारीच ठेवली आहे.