छातीच्या दुखण्यातील पहिले दोन तास: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील शुश्रूषेचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, आकस्मिक विभागातील परिचारिकांनी माझ्या मोठ्या आईची जी शुश्रूषा केली, तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. छातीत दुखू लागले की आमच्या परिसरातील पुष्कळ लोक या रुग्णालयाला वळसा घालून थेट नागपूरची गाडी ठरवतात आणि हृदयाच्या स्नायूसाठी जो वेळ सर्वांत मोलाचा असतो, तो रस्त्यावर घालवतात. नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर आहे. निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच आधी द्यावे, असा वैद्यकशास्त्रातील मान्य नियम आहे, आणि ते इंजेक्शन आम्हाला येथे एक पैसाही न देता मिळाले.

मोठी आई सत्तरीला टेकलेली असून मधुमेहाची जुनी रुग्ण आहे. तिला कळ अशी आलीच नव्हती. सकाळपासून जीव घाबरा होत होता, दरदरून घाम सुटला होता, मळमळ होती आणि जबडा आखडला होता. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात हृदयविकाराचा झटका पुष्कळदा अशाच लक्षणांनी येतो. गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात मात्र पित्त समजून कमरेत सुई देण्यात आली आणि तिला घरी पाठवण्यात आले.

सरकारी रुग्णालयात पोहोचल्यावर पहिली गोष्ट अशी घडली की सिस्टरांनी तिला गाडीतून पायी उतरू दिले नाही. स्ट्रेचर दारापर्यंत आणले गेले, केसपेपर मागाहून काढायला सांगितले गेले आणि ईसीजीचा तंत्रज्ञ जागेवर नसल्याने सिस्टरांनी स्वतःच पट्टी काढली. छातीचे दुखणे घेऊन आलेल्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा, असे सर्वत्र अपेक्षित असते आणि येथे त्याहून कमी वेळ लागला. घामामुळे इलेक्ट्रोड चिकटत नव्हते, तेव्हा त्यांनी प्रत्येक जागा कापसाने कोरडी करून, मोठ्या आईच्या अंगावर लुगड्याचा पदर तसाच ठेवून, त्याखालून ते लावले. हे करत असतानाच विचारपूस चालू होती. "आजी, दुखणं नेमकं कुठं हाय, बोटानं दाखवा," असे त्यांनी विचारल्यावर मोठ्या आईने बोट न दाखवता छातीच्या मधोमध सबंध पंजा ठेवला आणि "दुखत नाही बाई, कोंडल्यावानी होते," असे सांगितले. सिस्टरांनी ते शब्द जसेच्या तसे कागदावर लिहिले, वेळेसह. माझ्या मते चांगली शुश्रूषा ओळखण्याची खूण हीच आहे, कारण "दुखत नाही" एवढेच लिहिले गेले असते तर पुढचे सगळे लांबले असते.

ईसीजीचा फोटो डॉक्टरांनी लगेच हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवला आणि हृदयाच्या खालच्या भागाला झटका असल्याचे काही मिनिटांत कळले. तोवर ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली गेली होती, अर्थात पूर्वी कधी पोटात व्रण होता का आणि या गोळीचे वावडे आहे का, हे विचारून मगच. माझ्या चुलतभावाच्या खिशात शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी होती आणि ती जिभेखाली ठेवण्याची त्याची घाई चालली होती. सिस्टरांनी त्याला शांतपणे थांबवले. मोठ्या आईचा वरचा रक्तदाब नव्वदीच्या खाली होता, आणि खालच्या भागाच्या झटक्यात हृदयाची उजवी बाजूही सापडली असेल तर या गोळीने रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. म्हणून छातीच्या उजव्या बाजूला इलेक्ट्रोड लावून दुसरी पट्टी काढली गेली, ती डॉक्टरांनी पाहिली आणि गोळीऐवजी सलाईन सुरू झाले. ऑक्सिजनचेही असेच झाले. आम्ही नातेवाईक "नळी लावा" म्हणून आग्रह धरत होतो, तेव्हा बोटावरच्या यंत्रावरचा ९६ हा आकडा आम्हाला दाखवून, तो ९० च्या खाली गेला तरच ऑक्सिजन लागतो, असे त्यांनी समजावून सांगितले.

मला सर्वांत जास्त प्रभावित केले ते कमरेतल्या सुईच्या प्रसंगाने. गुठळी विरघळवणारे औषध देण्याआधी जे प्रश्न विचारायचे असतात (पूर्वी अर्धांगवायू झाला होता का, डोक्याला मार लागला होता का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली का, शौचास काळे होते का), त्यांत सिस्टरांनी "कुठे सुई घेतली का" हाही प्रश्न विचारला. स्नायूत दिलेल्या सुईच्या जागी या औषधानंतर रक्त साकळू शकते. त्यांनी ती जागा शोधून तिच्याभोवती पेनाने गोल काढला आणि पुढे दर वेळी रक्तदाब घेताना गोलाबाहेर सूज सरकली आहे का, हे हाताने चाचपून पाहिले. आमच्या भागात सुई घेतल्याशिवाय इलाज झाल्यासारखे कोणालाच वाटत नाही, त्यामुळे ही दक्षता येथे फार महत्त्वाची आहे.

औषध वजनाच्या हिशेबाने एकदाच शिरेतून दिले गेले. त्यानंतर अडलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताना हृदयाचे ठोके चुकू शकतात, म्हणून शॉक द्यायचे यंत्र खाटेला लावून ठेवले होते. हिरड्यांतून रक्त येते का, बोलणे जड होते का, याकडेही लक्ष होते. लघवीसाठी उठू न देता खाटेवरच भांडे दिले गेले आणि दीड तासाने पुन्हा ईसीजी काढून, झटक्यामुळे पट्टीवरील रेषेत आलेला उंचवटा निम्म्याहून अधिक उतरल्याची खात्री करून घेण्यात आली.

उणिवाही लिहिल्याच पाहिजेत. हंगाम फवारणीचा होता. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जे बळी गेले ते सर्वांना आठवत असतील. त्या संध्याकाळी विषबाधेचे आणि सर्पदंशाचे रुग्ण एकापाठोपाठ आले आणि संपूर्ण विभागाला दोनच परिचारिका उरल्या. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी होणारी रक्तदाबाची नोंद त्यानंतर अर्ध्या तासावर गेली आणि छातीवरचे दडपण कमी झाले का, हे पुन्हा विचारले गेलेच नाही. ते आम्हीच जाऊन सांगितले. हा दोष त्या दोघींचा नाही, मनुष्यबळाचा आहे, पण त्याचा धोका रुग्णालाच सोसावा लागतो. दोन खाटांमध्ये पडदा एकाच बाजूला आहे. नागपूरला पाठवताना १०८ च्या गाडीत डॉक्टर होते, परंतु संदर्भपत्रावर इंजेक्शनची वेळ लिहायची राहून गेली होती. आम्ही निघता निघता सिस्टरांनी धावत येऊन ती हाताने लिहून दिली. अशा पत्राचा छापील नमुना असता आणि त्यात औषध, मात्रा व वेळ यांचे रकाने असते, तर कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागले नसते.

एवढ्या उणिवांसह मी ही सेवा उत्तम म्हणेन आणि छातीच्या दुखण्यासाठी आधी येथेच या, असे आग्रहाने सांगेन. आकस्मिक विभागाचे दार मागच्या बाजूला आहे. समोरच्या ओपीडीच्या रांगेत उभे राहू नका. खिडकीवर पित्त किंवा गॅस असे आपण होऊन सांगू नका, काय होते आहे तेवढेच सांगा. नागपूरला जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्ड मागितले गेले, तेव्हा ते सोबत असू द्या, आणि रुग्ण घरी ज्या गोळ्या घेतो त्यांची पाकिटे, तसेच त्या दिवशी दुसरीकडे सुई घेतली असल्यास तिची चिठ्ठी, सिस्टरांच्या हातात द्या.