लिफ्ट किट घ्यायचं तर कोणतं: स्पेसर, पूर्ण किट, पाटे की नुसते टायर?

लिफ्ट किट म्हणजे गाडी जमिनीपासून उंच करायला स्प्रिंग-शॉकअपला लावायचं सामान. ते घेण्याआधी, पांदणीनं जाऊन आलात की एकदा पोतं अंथरून गाडीखाली शिरा आणि बॅटरी मारून बघा. घासल्याच्या ताज्या, चकाकणाऱ्या खुणा कुठे दिसतात त्यावरून काय घ्यायचं ते ठरवा. दुकानदाराच्या मोबाइलमधले फोटो मग बघू.

खुणा मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यावर, म्हणजे डिफरन्शियलवर असतील, तर बाजारातलं सगळ्यात महाग सस्पेन्शन किटसुद्धा तो गोळा सूतभर वर उचलणार नाही. अ‍ॅक्सल थेट चाकांत बसलेला, स्प्रिंगच्या खाली. किट उचलतं ते स्प्रिंगच्या वरचं: चेसिस, गिअरबॉक्स, बॉडी, बंपर. आणि आपल्याकडे बहुतेकदा अडतं ते गोळ्यापाशीच. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या खोल होतात, मधे वरंबा उरतो, उघाड पडली की काळी माती वाळून कडक होते आणि गाडी पोटावर बसते. थार, जिमनी, बोलेरो, तिन्हींचा मागचा अ‍ॅक्सल सरळ आहे, त्यामुळे तिघींचं दुखणं एकच.

त्यावर इलाज टायरचाच, पण तोही किती मिळतो ते मोजून घ्या. थारला येणारा २४५/७५ आर १६ टायर साधारण ७७४ मिमी उंच. त्याजागी २६५/७५ आर १६ टाकला तर उंची ८०४ मिमीच्या आसपास. वाढ ३० मिमी, पण गोळा उचलला जातो निम्माच, १५ मिमी. वर स्पीडोमीटर जवळपास चार टक्के कमी दाखवतो आणि गाडी चढाला जड होते. तरी माझं मत टायरच्याच बाजूनं आहे, कारण काळ्या मातीत उंचीपेक्षा पकड आधी संपते. ऑल-टेरेनची, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरची, नक्षी गाऱ्यानं भरली की टायर गुळगुळीत होतो. चिखलासाठीच्या मड-टेरेनच्या खाचा रुंद, चाक फिरताना माती फेकली जाते. मात्र डांबरावर तो गुणगुणतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. रोज नागपूरला जाणं-येणं असेल तर ऑल-टेरेनवरच थांबा.

आता खुणा चेसिसवर, पायदानावर किंवा नाल्यात उतरताना पुढच्या बंपरला असतील, तर किटचा विचार रास्त आहे. इथे खरी निवड स्पेसर की पूर्ण किट अशी.

स्पेसर म्हणजे स्प्रिंग किंवा शॉकअपपाशी घालायची जाड चकती. स्वस्त, काही हजारांत काम होतं, अर्ध्या दिवसात बसतो. स्प्रिंग आणि शॉकअप जुनेच, म्हणून चाल फारशी बदलत नाही. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या थारसारख्या गाडीत शॉकअप आर्मच्या मधे कुठेतरी बसतो. त्याच्या वर २० मिमीचा स्पेसर टाकला तर गाडी चाकाशी ३०-४० मिमी उचलते. ‘दोन इंची स्पेसर’ म्हणजे गाडी दोन इंच उचलणारा की स्वतः दोन इंच जाड, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. जास्त उचललं की चाकाला ताकद नेणारा ड्राइव्ह शाफ्ट तिरका होतो, त्याच्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटतात, बॉल जॉइंट खुळखुळायला लागतात. जिमनीत तर स्पेसर फक्त स्प्रिंगपाशी जातो आणि शॉकअप तेवढाच राहतो. गाडी उभी उंच दिसते, पण खड्ड्यात चाक खाली सुटायला जागा कमी उरते, म्हणजे ऑफ-रोडला हवं तेच गमावलं.

पूर्ण किटमध्ये स्प्रिंग आणि लांब शॉकअप एकमेकांना जुळवलेले असतात. ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही त्यातली जाणती नावं. खर्च लाखाच्या घरात जातो, पण पैसे उंचीचे नाहीत, शॉकअपचे आहेत. खडी उखडलेल्या रस्त्यावर तासभर पळवल्यावर कंपनीचा शॉकअप तापून ढिला पडतो, हा टिकतो. स्प्रिंग वजनाप्रमाणे निवडावी लागते. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), लोखंडी बंपर, कॅरिअर काहीच नसताना भारी स्प्रिंग घेतली तर रिकामी गाडी बैलबंडीसारखी आदळते. जिमनीत दोन इंचांवर गेलात तर कास्टर (पुढच्या चाकांचा स्टिअरिंगचा कल) दुरुस्तीचे बुश आणि अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा, अ‍ॅडजस्ट होणारा पॅनहार्ड रॉडही लागतो. नाहीतर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि समृद्धीवर स्टिअरिंग हलकं, भिरभिरं वाटतं. एवढा खर्च जमत नसेल तर चाळीस मिमीच्या आत राहा.

बोलेरोचं गणित वेगळं. मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत आणि डीएपीच्या दहा पिशव्या भरल्या की पाच क्विंटल वजन बसतं. इथे तक्रार उंचीची नसून भाराखाली बसण्याची आहे. चांगल्या कारागिराकडून पाट्यांना बाक देऊन घ्या किंवा एक पाटा वाढवा, तेवढ्यात भागतं. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला अडकवणारा दुवा, स्वस्त पडतो, पण दोन इंच लांब शॅकलनं गाडी एकच इंच उचलते. त्यात अ‍ॅक्सलचा कोन फिरतो, मग गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर तोही नव्यानं लावून घ्यायला सांगा. नाहीतर गाडी भरलेली असूनही तो रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो.

बॉडी लिफ्ट, म्हणजे चेसिस आणि बॉडीमध्ये ठोकळे. मोठ्या टायरला जागा होते, बाकी काही नाही. सोडून द्या.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फरक करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीलाही दावा अडवायला निमित्त मिळतं. म्हणून टायर बदलताना आधी आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी कोणता साइज देते ते बघा. सगळ्यात बिनत्रासाची वाट ती.

मला कुणी विचारलं तर मी असं सांगेन. यवतमाळ-वर्ध्याकडच्या काळ्या मातीत शेतापर्यंतच जायचं असेल तर टायर घ्या, हवा थोडी कमी करायला शिका आणि परत भरायला कॉम्प्रेसर ठेवा. मेळघाटात, भामरागडकडे दगडी नाले ओलांडणं नेहमीचं असेल तर पैसे साठवून पूर्ण किट. स्पेसर फक्त पुढचा भाग विंचमुळे दबला असेल तर तो सरळ करण्यापुरता. आणि दोन चाकांवर चालणारी बोलेरो असेल तर पाट्यांवर थांबा. गाडी कितीही उचलली तरी पुढची चाकं ओढणार नाहीत. काहीही बसवा, अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत त्याच दिवशी लावून घ्या आणि पाट्यांचं काम केलं असेल तर पाचशे किलोमीटरनंतर पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.